तुम्ही विचारलंत म्हणून: गुडिसन पार्क, 1920

फुटबॉलच्या गप्पा रंगल्या की कुणीतरी हमखास विचारतं, "इंग्लिश फुटबॉलमधला सगळ्यात मोठा क्षण कोणता हो?" विचारणाऱ्याच्या मनात बहुधा इंग्लंडने जिंकलेला 1966 चा विश्वचषक असतो, नाहीतर 2012 मधला मँचेस्टर सिटीला लीग जिंकून देणारा अग्वेरोचा अगदी शेवटच्या मिनिटांतला गोल. दोन्ही मला प्रिय आहेत. पण माझं उत्तर ठरलेलं आहे: 1920 च्या नाताळच्या सुट्टीत लिव्हरपूल शहरातल्या गुडिसन पार्क या मैदानावर झालेला बायकांचा सामना.

डिक, कर लेडीज विरुद्ध सेंट हेलेन्स. डिक, कर हा प्रेस्टनचा कारखाना. पहिल्या महायुद्धात तिथे दारूगोळा तयार व्हायचा आणि तिथल्या कामगार मुलींनीच हा संघ उभा केला होता. त्या दिवशी आत 53,000 प्रेक्षक होते आणि जागा न मिळालेले हजारो लोक बाहेर. डिक, करची हुकमी स्ट्रायकर फ्लॉरी रेडफर्डची ट्रेन चुकलेली, त्यामुळे मध्यंतरापर्यंत एकच गोल झाला होता. मग एरवी बचावात खेळणारी कॅप्टन अ‍ॅलिस केल स्वतः पुढे गेली आणि उत्तरार्धात तिने हॅटट्रिक मारली, म्हणजे तीन गोल. डिक, कर 4-0 ने जिंकले! तिकिटांचे 3,000 पौंडांहून जास्त पैसे गरजू माजी सैनिकांच्या मदतीला गेले.

पुढचं वर्ष सरायच्या आत, 5 डिसेंबर 1921 ला, इंग्लिश फुटबॉलचा कारभार पाहणाऱ्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला: हा खेळ बायकांना अजिबात योग्य नाही, त्याला उत्तेजन देऊ नये आणि संलग्न क्लबांनी आपली मैदानं बायकांच्या सामन्यांना देऊ नयेत. मदतनिधीचे पैसे खर्चातच जास्त जातात, असाही ठपका ठेवला. खेळायला बंदी नव्हती. पण गॅलरी आणि तिकीटखिडकी असलेली मैदानं क्लबांच्याच ताब्यात होती. ती गेली की प्रेक्षक गेले, पैसा गेला आणि वर्तमानपत्रांतल्या बातम्याही गेल्या. बायकांच्या फुटबॉलची लोकप्रियता खुपली म्हणूनच हे झालं, असं माझं ठाम मत आहे. याचा मला आजही संताप येतो.

मैदानांवरची ही बंदी उठायला जवळजवळ 50 वर्षं लागली. 2022 च्या महिला युरो फायनलला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर 87,192 प्रेक्षक आले आणि इंग्लंडच्या मुलींनी जर्मनीला 2-1 ने हरवलं, तेव्हा मला आनंद झालाच. पण डोक्यात लिली पार होती. सेंट हेलेन्स गावची ही मुलगी 15 वर्षांची असताना डिक, करकडे आली. डाव्या बाजूने तिचा फटका असा जोरदार की गोलकीपर बिचकायचे. मैदानं बंद झाल्यावरही ती मिळेल तिथे खेळत राहिली, नर्सची नोकरी सांभाळून, थेट 1951 पर्यंत. इंग्लंडच्या महिला संघाचा पहिला अधिकृत सामना झाला 1972 मध्ये. तेव्हा लिली 67 वर्षांची होती.