क्रिप्टोवाले होडल म्हणतात, म्हणजे भाव पडला तरी विकू नको, धरून ठेव. हा शब्द आला कुठून माहितीये का?

काल कर्वेनगरला अमृततुल्यवर मामेभावासोबत चहा घेत होतो, त्याने फोन पुढे केला, म्हणला दादा हे वाच. त्यांच्या क्रिप्टोच्या ग्रुपवर एका पोराने लिहिलेलं, निम्मे पैसे गेले, विकू का? आणि खाली धडाधड उत्तरं, होडल कर भावा, डायमंड हँड्स (हात हिऱ्यासारखे घट्ट ठेव), पेपर हँड्सवाला (घाबरून विकणारा) होऊ नको, वॅगमी (आपण सगळे तरून जाणार)!

मला हे शब्द मनापासून आवडतात. रग पुल म्हणजे कॉइन काढणारेच पैसे घेऊन पसार, पायाखालची सतरंजी ओढली की माणूस जसा आपटतो तसं. रेक्ट म्हणजे पार वाट लागली. एका शब्दात अख्खी गोष्ट.

पण होडलचं मला फार वाईट वाटतं. डिसेंबर २०१३ मध्ये बिटकॉइन कोसळत होतं तेव्हा एकाने दारूच्या नशेत होल्डिंगचं स्पेलिंग चुकवून होडलिंग लिहिलं, आणि कारण काय दिलं तर मला ट्रेडिंग जमत नाही आणि ते मला माहितीये, म्हणून विकत नाही. म्हणजे ती कबुली होती हो, स्वतःपुरती! आता तोच शब्द दुसऱ्याला हुकूम म्हणून सोडतात, आणि विकणारा भित्रा ठरतो.

मामेभावाने हे भोगलंय. मे २०२२, लुना नावाचं कॉइन कोसळलं तेव्हा. त्यातले लोक स्वतःला लुनॅटिक म्हणवून घ्यायचे. ९ मेला कॉइन काढणाऱ्या कंपनीच्या सहसंस्थापकाने, डो क्वॉनने, ट्विट केलं, स्टेडी लॅड्स, म्हणजे पोरांनो दमानं घ्या, त्याचेच मीम फिरत राहिले आणि हा रात्री दोन वाजता पांघरुणात फोन धरून तेच मीम फॉरवर्ड करत होता, विकायचं सोडून. एप्रिलमध्ये शंभर डॉलरच्या वर असलेलं कॉइन, १३ मेपर्यंत एक पैसाही किंमत उरली नाही. आणि आपल्याकडे क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के टॅक्स, पण तोटा दुसऱ्या कशातून वजा करता येत नाही, त्यामुळे गेले ते गेलेच.

म्हणून मामेभावाला म्हणलं, त्या पोराला असले शब्द नको पाठवू, पर्सनलवर विचार पैसे कुठले आहेत. त्याने तिथेच टाइप केलं. दुसरा कटिंग येईपर्यंत उत्तर आलं, "फीचे आहेत दादा, पुढच्या सेमचे."