‘द इन्फेमस’ पुन्हा बांधताना: पियानो बसला, ड्रम हट्टाला पेटलेत

मॉब डीप या अमेरिकन रॅप जोडीच्या ‘द इन्फेमस’ अल्बममधले बीट्स (रॅपखाली वाजणारं संगीत) लॅपटॉपवर मुळापासून उभे करायचा उद्योग चालू आहे. ताजी खबर म्हणजे त्यातल्या ‘शूक वन्स, पार्ट टू’ या गाण्याचा पियानो एकदाचा जागेवर बसला.

अल्बम आला एप्रिल 1995मध्ये, आणि हा पियानो कुठून उचललाय ते कळायला 2011 उजाडलं. तोवर सॅम्पल (जुन्या गाण्यातून उचललेला तुकडा) हुडकणाऱ्यांनी जंग जंग पछाडलं होतं. निघालं काय, तर जॅझ पियानोवादक हर्बी हॅन्कॉकचं ‘जेसिका’, 1969च्या ‘फॅट अल्बर्ट रोटुंडा’वरचं. मूळ ऐकाच, इतकं हळवं आहे ते. जोडीतल्या हॅवॉकने त्यातले मोजके सूर तोडून, पिच (सुराची उंची) बदलून असे जोडले की त्या हळवेपणाचा मागमूस उरला नाही.

करून बघणाऱ्यांसाठी: एबलटन या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये वॉर्प (सॅम्पलचा वेग जुळवणारी सोय) ‘री-पिच’वर ठेवा. पिच न हलवता नुसता वेग बदलला की सूर प्लास्टिकचे वाटतात. वेग आणि पिच एकत्र हलले की पियानो आजारी वाटायला लागतो, आणि आपल्याला तोच हवाय. वरून लो-पास फिल्टर (वरचे तीक्ष्ण आवाज कापणारा), पण हात आखडता ठेवून. मागे रेंगाळणारा तो भेसूर आवाज क्विन्सी जोन्सच्या ‘किटी विथ द बेंट फ्रेम’मधला. तो जवळजवळ जसाच्या तसा लागतो.

ड्रमचं मात्र जमत नाहीये. किक (जड ठोका) बसते, स्नेअर (कडक ठोका) जास्तच चकाचक येतो. ग्रिडला (सॉफ्टवेअरमधल्या तालाच्या आखीव रेघांना) चिकटवला की बीटमधली दहशतच जाते, म्हणून आता हाताने वाजवून रेकॉर्ड करतोय. एक लक्षात आलं: या बीटमध्ये भरणा फार कमी आहे. आपण हौसेने एखादा थर वाढवला की जोडीतल्या दुसऱ्याला, प्रॉडिजीला, रॅप करत उभं राहायला जागा उरत नाही. या दोन पोरांचं वय तेव्हा विशीच्या आसपास, आणि पहिला अल्बम ‘जुव्हेनाइल हेल’ 1993मध्ये आपटलेला. तरी एवढा संयम! (अल्बममध्ये रॅपर-निर्माता क्यू-टिपचा हात होता हे खरं, पण हा बीट हॅवॉकचाच.)

पुढचा नंबर याच अल्बममधल्या ‘टेम्परेचर्स रायझिंग’चा. त्यात सॅम्पल केलेलं पॅट्रिस रशेनचं ‘व्हेअर देअर इज लव्ह’ काढून ठेवलंय. तिथला बेस मूळ सॅम्पलपासून वेगळा कसा करायचा, यावर कुणी काही केलं असेल तर सेटिंग्ज टाका.