निगेटिव्ह स्कॅनचा लॉग: टिफ ते जेपीजी, आता रंग जागेवर आलेत

तर मंडळी, 35 एमएम निगेटिव्हचं स्कॅनिंग उरकत आलंय आणि सध्या टिफचे (स्कॅनमधून निघालेल्या मोठ्या फाइल्स) जेपीजी (दाबून लहान केलेल्या) करणं चालूय. 2400 डीपीआय (इंचाला 2400 ठिपके), 48-बिट कलर (दर ठिपक्याला 6 बाइट) म्हणजे एक फ्रेम साधारण 46 एमबी, 36चा रोल दीड जीबीच्या वर, आता हे मावशीला व्हॉट्सॲपवर पाठवणार कसं? टिफ हे मास्टर, त्यांना हात लावायचा नाही, बघायला नि वाटायला जेपीजी.

काम इमेजमॅजिकवर (कमांड टाइप करून फोटो बदलायचं सॉफ्टवेअर) चाललंय. त्यातलं मॉगरिफाय (एकदम बऱ्याच फाइल्स बदलणारी कमांड) फॉरमॅट बदलायला सांगितला नाही तर सरळ ओरिजिनलवरच लिहितं, म्हणून पाथ ऑप्शन देऊन सगळं वेगळ्या फोल्डरात काढतो, डोक्याला ताप नको. आणि विंडोजवाल्यांनो, तिथे इमेजमॅजिकची जुनी कन्व्हर्ट कमांड नुसती टाइप करू नका, त्याच नावाचं विंडोजचं स्वतःचं, फॅट ड्राइव्हचं एनटीएफएस (डिस्कवर फाइल्स ठेवायच्या दोन पद्धती) करायचं टूल आहे (!), व्हर्जन 7 घ्या आणि मॅजिक ही कमांड वापरा.

पण खरा वेळ खाल्ला रंगांनी. माझा स्कॅनर फाइलला अडोबी आरजीबी प्रोफाइल (फाइलमधले आकडे म्हणजे नेमके कुठले रंग ते सांगणारी माहिती) जोडतो, आणि नेटवरच्या बऱ्याच रेडीमेड कमांडमध्ये साइझ कमी करायला स्ट्रिप हे ऑप्शन घातलेलं असतं. ते एक्झिफसोबत (तारीख, कॅमेरा वगैरे नोंदी) कलर प्रोफाइलही उडवतं, मग तेच आकडे एसआरजीबी (स्क्रीनवर नि नेटवर सर्रास चालणारी रंगपद्धत) समजून दाखवले जातात आणि लग्नातला लाल शालू विटल्यासारखा दिसतो. त्यामुळे आधी प्रोफाइल ऑप्शनला एसआरजीबीची आयसीसी फाइल (म्हणजे प्रोफाइलचीच फाइल) द्यायची, मगच स्ट्रिप. क्रम उलटा झाला तर मूळ प्रोफाइलच उरत नाही, मग रूपांतर कशावरून करणार ते बिचारं?

अजून एक, टिफमध्ये थंबनेल (फोटोची छोटी झलक) दुसरं पान म्हणून बसलेला असेल तर एका फोटोच्या दोन जेपीजी निघतात, फाइलनावापुढे चौकटी कंसात 0 लिहिलं की फक्त पहिलं पान घेतं.

स्पीडसाठी फाइंड (फाइल्स शोधणारी कमांड) आणि एक्सआर्ग्ज (ती यादी इमेजमॅजिकला पुरवणारी), एका वेळी 4 प्रोसेस, फाइलनावांत स्पेस आहेत म्हणून दोन्हीकडे नावं वेगळी करायला स्पेसऐवजी नल हे न दिसणारं चिन्ह. इमेजमॅजिक स्वतःही थ्रेड काढतं (एकच काम तुकड्यांत एकाच वेळी करतं) आणि सगळे एकमेकांच्या पायात येतात, म्हणून थ्रेड लिमिट 1 ठेवलंय.

आता जुन्या डिजिटल कॅमेऱ्याच्या जेपीजी घेणार, त्या जेपीजी एक्सएल या नव्या फॉरमॅटमध्ये टाकून बघायच्यात, साइझ साधारण 20 टक्के उतरते आणि हवी तेव्हा मूळ फाइल बिट टू बिट परत काढता येते. मावशीच्या फोनवर उघडायची खात्री नाही, तिला जेपीजीच.