गोमुख कुठवर मागं गेलं?

लोणंद मागं पडलं आणि तरडगावच्या वाटेवर ऊन चटके द्यायला लागलं. आमची दिंडी रथाच्या बरीच मागची. शेजारच्या आजींनी तुळस दुसरीच्या डोक्यावर दिली, घाम पुसला आणि विचारलं, "माऊली, तुम्ही भूगोलाचे मास्तर न्हवं? गोमुख मागं सरकतंय म्हणत्यात, खरं का?"

"खरंय आजी." म्हटलं, गंगोत्रीची हिमनदी सुमारे 30 किलोमीटर लांब. वर बर्फ साठतो, दबून घट्ट होतो आणि स्वतःच्याच वजनानं खाली सरकतो. खाली तो वितळतो. वर साठतो त्यापेक्षा जास्त वितळायला लागला की टोक मागं हटतं. गोमुख म्हणजे ते टोक.

तेवढ्यात समोरचे एकदम थांबले. मागचे चालतच राहिले, सगळे एकमेकांवर दाटले. पुढं चांदोबाच्या लिंबाला उभ्या रिंगणासाठी रथ थांबला होता, पण ते आमच्यापर्यंत येईतो बराच वेळ गेला. हिमनदीचंही असंच, म्हटलं. हवामान आज बदललं तरी टोकाला त्याची पूर्ण खबर लागायला मोठ्या हिमनदीत दशकं जातात. म्हणजे गोमुखाशी दिसतं ते बरंचसं आधीच्या उन्हाचं देणं.

"मग आज गाड्या बंद केल्या तरी?" टाळवाला पोरगा मधेच बोलला.

तरी काही काळ हटत राहणारच. छोट्या, पातळ हिमनद्या मात्र लवकर दाद देतात. शिवाय दगडमातीचा जाड थर वर असला तर खालचा बर्फ उन्हापासून वाचतो, नुसती काळी धूळ असली तर उलट लवकर वितळतो. म्हणून एकाच खोऱ्यातल्या दोन हिमनद्याही सारख्या हटत नाहीत. नुसतं टोक मोजून भागत नाही ते यामुळंच. हिमाचलच्या लाहौलमधल्या छोटा शिगरी हिमनदीवर 2002 पासून बर्फात बांबू रोवून मोजतात. उन्हाळा संपताना बांबू किती उघडा पडला, तेवढा बर्फ गेला. वर साठलेला बर्फ खड्डे खणून वेगळा मोजायचा. कंटाळवाणं काम, पण मला त्याचाच जास्त भरवसा वाटतो.

मध्य आणि पूर्व हिमालयात तर गोष्ट आषाढाशीच येते. तिथं बराचसा बर्फ पावसाळ्यातच पडतो. हवा तापली की तोच पाणी होऊन पडतो. नवी भर नाही, आणि पांढरं पांघरूण नसल्यानं जुना बर्फही ऊन शोषतो. दुहेरी नुकसान.

"मग गंगा आटंल की वो!"

गंगा नाही आटणार, आजी. खालच्या गंगेला मुख्य पाणी पावसाचं, आपल्या नीरेसारखंच. हाल डोंगरातल्या गावांचे. आधी वितळून पाणी वाढतं, ओढे फुगतात, लोक खूश होतात. मग बर्फच कमी उरतो आणि ऐन उन्हाळ्यात पाणी घटत जातं.

आजी जरा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "पाणी वाढलेलं बघून त्यांनी जास्तीचं पीक घेतलं असंल, व्हय ना?"

याचं उत्तर देणार तोच पुढून हाकाटी आली, अश्व सुटला.