अंगठा उठत नाही म्हणून

आईचा अंगठा उठत नाही. आयुष्यभर भांडी घासली, धुणी धुतली, रेघा उरणार कुठून? लालबागच्या रेशन दुकानात केवायसीला गेलो. तिने बोट पदराला पुसलं, मग ओल्या फडक्याला, पाचदा दाबलं. मशीन हलेना. मागून एक काका वैतागले, "थुंकीच घ्या ना एकदाची! डीएनएवरून कळेल कोण ते." रांग हसली, मीही हसलो. शेवटी डाव्या हाताची करंगळी लागली.

घरी आल्यावर मात्र कपाटावरचं खोकं दिसलं. मावसभावाने न्यू जर्सीहून आणलेलं. नळीत थुंकायचं, पाठवून द्यायचं, की आपले पूर्वज कुठले ते कळतं म्हणे. त्याने स्वतः केलंय. मी खोकं उघडायला घेतलं तेव्हा आई एवढंच म्हणाली, "नको ते."

आमचे मोठे मामा आजीच्या पोटचे नाहीत. चाळीतल्या जुन्या लोकांना ठाऊक आहे, मामांच्या मुलीला नाही. (नाती बदलून लिहितोय, इथे घरचेही वाचतात.) उद्या तिने हौसेने थुंकी पाठवली, तर नातेवाइकांच्या यादीत तिचा आतेभाऊ, म्हणजे माझा हा मावसभाऊ, सापडायचाच नाही. अंगठा फक्त 'हीच ती' एवढं सांगतो. थुंकी न विचारलेलंही सांगते, आणि ज्याने नळीला तोंडही लावलेलं नाही त्याच्याबद्दलही.

२०१८ साली कॅलिफोर्नियात एक जुना खुनी असाच सापडला. डीएनए त्याच्या दूरच्या नातेवाइकांनी दिला होता, त्याने नाही. तो सापडला हे उत्तमच. पण २०२३ मध्ये 'ट्वेंटीथ्री अँड मी' या अशाच थुंकी तपासणाऱ्या कंपनीची सुमारे १४ हजार खाती फुटली आणि नातेवाईक शोधायच्या सोयीतून तब्बल ६९ लाख लोकांची माहिती गेली. २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पासवर्ड बदलता येतो. हे कसं बदलणार?

आपल्याकडे डीएनएच्या वापराला नियम घालणारं विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं, २०२३ मध्ये मागे घेतलं गेलं. पण २०२२ च्या फौजदारी ओळख कायद्याने पोलिसांना अटक केलेल्यांचे जैविक नमुने घेता येतात, नोंदी ७५ वर्षं ठेवता येतात. ७५ वर्षं! तोवर माझे पणतू रांगेत उभे असतील.

मावसभावाचा परवा फोन आला, "पाठवलंस का?" मी म्हटलं, सापडत नाहीये. आईने खोक्यावर पापडाचा डबा ठेवलाय.