कॉलेजच्या क्लस्टरवर प्रोजेक्ट चालवला, त्याची गोष्ट

आमचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट मानशीवर होता. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते: खाजन म्हणजे खाऱ्या नदीकाठची सखल, बांध घालून राखलेली शेती. तिच्या बांधात लाकडी दारं बसवलेली असतात, ती मानस. भरती आली की नदीच्या पाण्याच्या दाबाने दार आपोआप मिटतं आणि खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की आतलं पाणी दार ढकलून बाहेर पडतं. मोटर नाही, वीज नाही. या दाराशी पाण्याचा वेग कुठे वाढतो आणि बांधाची माती कुठून ओढली जाते, ते आम्हाला संगणकावर बघायचं होतं. फेरीबोटीने दिवाडी बेटावर जाऊन टेपने मापं घेतली, ते काम मजेत झालं. खरी धावपळ नंतर सुरू झाली.

लॅबमध्ये पाण्याच्या प्रवाहाचं गणित करणारं महागडं सॉफ्टवेअर आहे, पण त्याचं लायसन्स फ्लोटिंग. म्हणजे सर्व्हरवर ठरावीक सीट्स, आणि ज्याने आधी उघडलं त्याची सीट. कुणी खिडकी उघडी ठेवून कँटीनमध्ये भाजी-पाव खायला गेला तरी त्याची सीट अडकलेलीच. प्रॅक्टिकलच्या तासांना तर नावच काढू नका. विद्यार्थ्यांसाठीची फुकट आवृत्ती लॅपटॉपवर चालते, पण तिला जाळीच्या घरांची मर्यादा आहे. (गणितासाठी पाण्याची जागा लहान लहान घरांत तोडतात, ती जाळी.) शेवटी गाईड मॅडमनी त्याच कामाचं ओपनफोम हे सॉफ्टवेअर घ्यायला सांगितलं. ते 2004 पासून मुक्त आहे, लायसन्सची भानगड नाही, आणि आमच्या कॉलेजच्या क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या ताकदवान संगणकांवर, आधीच बसवलेलं होतं.

क्लस्टरच्या अकाउंटसाठी एक पानी फॉर्म. गाईडची सही, विभागप्रमुखांची सही, तेवढं झालं. पण खाली चार रकाने होते: किती कोअर (प्रोसेसरमधले एकाच वेळी गणित करणारे भाग), किती मेमरी, किती तास, किती डिस्क. सीनियर म्हणाले, जास्तीत जास्त लिहून टाका. कॉम्प्युटर सेंटरमधल्या अ‍ॅडमिन सरांनी रिकाम्या रकान्यांकडे बघितलं आणि फॉर्म परत माझ्याकडे सरकवला. म्हणाले, ‘‘बाय, आधी लॅपटॉपवर लहान जाळी चालव. घड्याळ लाव. मग गुणाकार कर.’’

हा गुणाकार मला कुठल्याच विषयात शिकवला नव्हता. जाळीच्या घराची लांबी निम्मी केली की त्रिमितीत घरं आठपट होतात. शिवाय गणित वेळेच्या छोट्या पावलांनी पुढे सरकतं, आणि एका पावलात पाण्याने एका घरापेक्षा जास्त पुढे जाऊ नये म्हणून वेळेचं पाऊलही निम्मं करावं लागतं. म्हणजे काम सोळापट. लॅपटॉपवर एका रात्रीत संपणारं गणित सोळा रात्रींवर जातं. मेमरीचं ओझं मात्र फारसं नव्हतं, कारण दहा लाख घरांना साधारण एक-दोन जीबी पुरते आणि आमची घरं होती चार लाख.

तासांचा रकाना भरताना आणखी एक गोष्ट उलगडली. भरती ते भरती 12 तास 25 मिनिटं लागतात, आणि आम्ही तेवढं सगळं चालवायला निघालो होतो. मॅडम म्हणाल्या, ‘‘माती कधी ओढली जाते गो?’’ दार उघडताना आणि मिटताना. मग त्या काही मिनिटांपुरतंच गणित ठेवलं. फॉर्म नसता तर हा प्रश्न कुणी विचारलाच नसता, असं मला वाटतं.

कोअरचंही तसंच. कोअर वाढवले की प्रत्येकाच्या वाट्याची घरं कमी होतात, आणि हद्दीवरचे आकडे एकमेकांना कळवण्यातच वेळ जायला लागतो. 16 कोअरपर्यंत कोअर दुप्पट केले की वेळ जवळजवळ निम्मा होत गेला, 32 वर फरक किरकोळ. आम्ही 16 मागितले आणि अकाउंट लगेच मिळालं.

लॉगिन एसएसएचने, म्हणजे आपल्या लॅपटॉपवरून दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरायची सोय. कॅम्पसच्या नेटवर्कवरून थेट, घरून व्हीपीएन लावून. लॉगिन नोडवर, म्हणजे क्लस्टरच्या ज्या संगणकात सगळे आधी शिरतात त्यावर, गणित चालवायचं नाही, हा पहिला नियम. चालवलंत तर सर प्रोसेस मारतात आणि मेलही पाठवतात. कुणाचं काम कधी चालवायचं ते स्लर्म हे सॉफ्टवेअर ठरवतं. स्क्रिप्ट लिहून त्याच्या रांगेत जॉब, म्हणजे आपलं काम, टाकायचा आणि ‘पेंडिंग’ बघत बसायचं. रांगेत गंमत अशी की सगळे सवयीने जास्तीत जास्त वेळ मागतात. आम्ही दहा तास मागितले की दोन मोठ्या जॉबांच्या मधल्या फटीत आमचा सरकायचा. वेळ संपला की स्लर्म जॉब तोडतो, म्हणून ओपनफोमच्या सेटिंगमध्ये ‘शेवटच्या लिहिलेल्या वेळेपासून सुरू कर’ असं टाकलं आणि काम तुकड्या-तुकड्यांनी पुढे नेलं. एम.ई.वाल्यांना आणि प्राध्यापकांना प्राधान्य जास्त, त्यावरून कुरकुर चालायची. मला ते रास्त वाटलं.

सगळ्यांना छळते ती डिस्क. जीबी शिल्लक आहेत आणि तरी ‘कोटा संपला’ असा संदेश येतो. कारण कोटा फायलींच्या संख्येलाही असतो. ओपनफोम प्रत्येक कोअरसाठी वेगळा फोल्डर करतं, त्यात प्रत्येक वेळेचा फोल्डर, त्यात वेग, दाब, पाण्याचा अंश अशा फायली. 16 कोअर धरले की हजारोंचा ढीग. सरांनी दोन उपाय सांगितले. सगळ्या कोअरच्या फायली एकत्र लिहायच्या, त्यासाठी ‘कोलेटेड’ पर्याय आहे. आणि जुन्या वेळा आपोआप पुसायच्या, त्यासाठी ‘पर्जराइट’. हे मात्र सेंटरच्या नोटीस बोर्डावर मोठ्या अक्षरात लावायला हवं.

चवथीच्या सुट्टीत कॅम्पस रिकामा, रांगही रिकामी. जॉब टाकताक्षणी सुरू. मी घरी नेवऱ्या वळत होते आणि मधून मधून फोनवर निकाल बघत होते. मग पाऊस कोसळला, कॉलेजची वीज गेली. यूपीएस काही मिनिटंच टिकतं, तेवढ्यात नोड रीतसर बंद झाले, पण परत चालू करायला तिथे कोण? सुट्टी संपेपर्यंत सगळं ठप्प. नुकसान म्हणाल तर तासाभराच्या गणिताचं, कारण शेवटची वेळ डिस्कवर होती.

निकाल लागला की विद्यार्थ्यांची अकाउंटं बंद होतात, त्याआधी आवराआवर करावी लागते. कच्चा डेटा आम्ही पुसून टाकला, तो कुणालाच ठेवायला परवडत नाही. जाळीची व्याख्या, सेटिंग्ज, स्लर्मची स्क्रिप्ट आणि दिवाडीची मापं, सगळं मिळून जेमतेम काही एमबी. ते मॅडमच्या फोल्डरमध्ये टाकलं. तेवढ्यावर पुढच्या बॅचला सगळं गणित पुन्हा उभं करता येतं.