२१ पांढऱ्या, ७ चॉकलेटी

नवरा शनिवारी पुण्याहून येतो, रविवारी रात्री परत जातो. म्हणून ती शनिवारी एक आणि रविवारी एक, अशा दोनच गर्भनिरोधक गोळ्या घ्यायची. पाकीट शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनच्या डबीखाली. "मॅडम, बाकीच्या दिवशी कशाला वाया घालवायच्या?" असं तिनं विचारलं, तेव्हा पाळी बारा दिवस पुढे गेली होती. वय १९, लग्नाला आठ महिने, बी.ए.चं पहिलं वर्ष.

ग्रामीण रुग्णालयातल्या मैत्री क्लिनिकमध्ये मी समुपदेशक आहे. १० ते १९ वयाच्या मुलामुलींनी मोकळेपणानं येऊन बोलावं म्हणून ही खोली आहे. लघवीची तपासणी केली, एकच रेघ आली, म्हणजे दिवस गेले नव्हते. ती बाकावर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. थोड्या वेळानं मी माला-एनचं, म्हणजे त्याच सरकारी गर्भनिरोधक गोळ्यांचं, नवं पाकीट टेबलावर ठेवलं.

ही गोळी त्या रात्रीपुरती नसते. मेंदूच्या तळाशी एक छोटी ग्रंथी आहे, पिट्युटरी. ती दर महिन्याला बीजकोषाला निरोप धाडते आणि एक बीज पिकून बाहेर पडतं. पांढऱ्या गोळीत दोन हार्मोन्स असतात. ती रोज रक्तात राहिली की हा निरोपच जात नाही, बीज बाहेर पडत नाही. शिवाय गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव घट्ट होतो, शुक्रजंतूंना वाट मिळत नाही. आठवड्यात दोन गोळ्या घेऊन यातलं काहीच भरवशाचं होत नाही.

"आणि या चॉकलेटी?" त्या ७ गोळ्या लोहाच्या. त्याच दिवसांत पाळी येते. त्या घ्यायच्या, म्हणजे रोजची सवय तुटत नाही, आणि पाकीट संपलं की दुसऱ्याच दिवशी नवं सुरू. पहिलं पाकीट पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू केलं की लगेच संरक्षण मिळतं. एक पांढरी गोळी राहिली तर आठवताक्षणी घ्यायची, मग त्या दिवशी दोन झाल्या तरी चालतात. दोन किंवा जास्त राहिल्या तर गोळ्या चालू ठेवून पुढचे सात दिवस निरोध वापरायचा. सुरुवातीचे दोन-तीन महिने मळमळ होते, मध्येच डाग पडतात, ते बहुतेक वेळा आपोआप थांबतं. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर या गोळीचा भरवसा धरू नये. डोळ्यांसमोर चमकून अर्धशिशी उठत असेल, रक्तदाब जास्त असेल किंवा रक्ताच्या गुठळीचा त्रास होऊन गेला असेल, तर ही गोळी नको, डॉक्टर दुसरा उपाय देतात. आणि गोळीनं गुप्तरोग थांबत नाहीत, त्याला निरोधच लागतो.

"आशाताईंना का नाही विचारलंस?" तर गावातल्या या आरोग्य-स्वयंसेविका सासूबाईंच्या मैत्रीण. हे उत्तर मला फार लागलं. सरकारी दवाखान्यात गोळी फुकट मिळते, पण विचारायला जागा नसेल तर ती खणातच पडून राहते. १८ पूर्ण झालेल्या मुलीला गोळीसाठी नवऱ्याची, सासूची, आईची, कुणाचीही परवानगी लागत नाही. लग्न झालेलं असो वा नसो.

बिनलग्नाच्या मुली बहुधा मेडिकलमधून ७२ तासांची गोळी, म्हणजे संबंधानंतर तीन दिवसांच्या आत घ्यायची गोळी, घेतात, कारण ती चिठ्ठीशिवाय मिळते. ती जितकी लवकर घ्याल तितकी बरी. ती बीज बाहेर पडणं लांबवते. राहिलेला गर्भ ती पाडत नाही. पण ती अडचणीच्या वेळेपुरती गोळी आहे. दर महिन्याला तिच्यावर विसंबणाऱ्या मुली मी पाहते, तेव्हा जीव कळवळतो. रोजची गोळी तिच्यापेक्षा खात्रीची आहे.

१८ च्या आतल्या मुलींचं अवघड आहे. शरीरसंबंध तिच्या मर्जीनं असला तरी मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं तो गुन्हा ठरतो, आणि कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक असतं. हे मी बोलणं सुरू होण्याआधीच सांगते. पोरीचा विश्वास फसवून घ्यायचा नाही. माहिती मात्र मी कुठल्याही वयाच्या मुलीला देते. गर्भपातासाठी आलेल्या अशा मुलीचं नाव, तिची आणि पालकाची विनंती असेल तर, डॉक्टरांनी कळवताना उघड करायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितलं. तेव्हा मला खरंच हायसं वाटलं.

ती तीन महिन्यांनी आली. रिकामी पाकिटं सोबत आणली होती, एकही गोळी शिल्लक नाही. फोनवर रात्री नऊचा गजर लावलाय, म्हणाली. उठता उठता थांबली. धाकटी बहीण १६ वर्षांची, पाळीत तीन दिवस अंथरूण धरते, शाळा बुडते. शेजारच्या डॉक्टरनं याच गोळ्या लिहून दिल्या, तर आईनं चिठ्ठीच फाडली.

पाळीच्या दुखण्यावर, अंगावरून फार जाण्यावर हीच गोळी औषध म्हणूनही देतात. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

"मंगळवारी घेऊन ये," मी म्हटलं. "आईलाही आण."